रानगुलाबांच्या उत्क्रांतीत संकराचे कार्य

छत्रपती संभाजीनगर शहराच्या पश्चिमेस, वाळूज औद्योगिक क्षेत्राला लागून बजाजनगर ही वसाहत आहे. तेथील घरांपुढील वाफ्यांत व कुंड्यांत गुलाबाचे झाड बहुधा असतेच. गुलाबाच्या या झाडाकडे आपण एक झाड म्हणून पाहतो. वस्तुतः ती दोन झाडे असतात. जमिनीखाली मुळांचे काम करणारा खुंट एका जातीचा असतो व त्यावर डोळा भरून वाढविलेला फुलांचा वाण दुसरा असतो. या दोहोंचा पूर्वेतिहास पाहू गेल्यास अनेक रानटी जातींचे रक्त त्यांत मिसळलेले दिसते. खुंट कोणत्या जमिनीत टिकेल, वाण वर्षातून किती वेळा फुलेल, पानांवर रोग का पडतो, बियांपासून केलेले रोप मूळ झाडासारखे का निपजत नाही, या रोजच्या प्रश्नांची उत्तरे त्या जुन्या संकरांत दडलेली आहेत. म्हणून रानगुलाबांत संकर कसा घडला व त्यातून नव्या जाती कशा स्थिर झाल्या, याची माहिती बागायतदारांस केवळ मनोरंजक नव्हे, तर उपयुक्तही ठरेल.

रानगुलाबांचे कुटुंब

गुलाबाच्या वंशास शास्त्रीय भाषेत रोझा असे म्हणतात. या वंशात सुमारे १५० ते २०० जाती मानल्या जातात. हा आकडा नेमका सांगता येत नाही, याचे कारणच मुळी संकर होय. जाती एकमेकींत इतक्या मिसळतात की, एक जात कोठे संपली व दुसरी कोठे सुरू झाली याविषयी वनस्पतिशास्त्रज्ञांत एकमत होत नाही. सर्व मूळ जाती पृथ्वीच्या उत्तर गोलार्धातील आहेत. दक्षिण गोलार्धात गुलाब मनुष्याने नेले. हा वंश प्राचीन आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात फ्लोरिसंट येथे गुलाबाचे सुमारे ३ कोटी ४० लक्ष वर्षांपूर्वीचे अवशेष खडकांत सापडले आहेत.

भारतात रानगुलाब प्रामुख्याने हिमालयात व ईशान्येकडील डोंगरांत आढळतात. पांढऱ्या सुवासिक फुलांच्या घोसांनी लगडणारा रोझा ब्रुनोनी हिमाचल प्रदेशात कुजा या नावाने ओळखला जातो. रोझा वेबियाना लडाखसारख्या कोरड्या व थंड प्रदेशात तग धरतो. रोझा सेरीसिया या जातीच्या फुलास सामान्यतः चारच पाकळ्या असतात. इतर बहुतेक रानगुलाबांस पाच असतात. मणिपूरच्या डोंगरांत रोझा जायगँटिया हा प्रचंड वेल वाढतो. सर जॉर्ज वॅट यांनी १८८२ साली तो तेथे पाहिला. दक्षिणेत निलगिरी व पळणी डोंगरांत रोझा लेशेनॉल्टियाना आहे. रोझा क्लिनोफिला ही जात तर नदीकाठच्या व पाणथळ जागी वाढते आणि मैदानी प्रदेशातील उष्णताही सोसते. बहुतेक रानगुलाब थंड हवेचे असताना ही एक जात उष्ण व दमट जागी रुळली, हे विशेष होय.

मराठवाड्याच्या पठारावर मात्र गुलाब रानात आपोआप उगवत नाही. येथे तो बागांतून आला. म्हणजे आपल्या बागेतील प्रत्येक गुलाब हा परप्रांतातील, किंबहुना परदेशांतील रानगुलाबांचा वंशज आहे.

गुणसूत्रांचा हिशेब

संकराचे कार्य समजण्यासाठी गुणसूत्रांचा हिशेब थोडासा ध्यानी घ्यावा लागतो. वनस्पतीच्या पेशीत सूक्ष्म धाग्यांसारखी गुणसूत्रे असतात व आनुवंशिक गुण त्यांवरून पुढील पिढीत जातात. गुलाबात ७ गुणसूत्रांचा एक संच असतो. साध्या रानगुलाबाच्या पेशीत असे दोन संच, म्हणजे १४ गुणसूत्रे असतात. त्यास द्विगुणित म्हणतात. परंतु अनेक जातींत ४ संच म्हणजे २८, ५ संच म्हणजे ३५, ६ संच म्हणजे ४२ व ८ संच म्हणजे ५६ गुणसूत्रे आढळतात. चीनमधील युनान प्रांतातील रोझा प्रीलुसेन्स या जातीत तर १० संच, म्हणजे ७० गुणसूत्रे मोजली गेली आहेत.

पराग व बीजांड तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या जमतात व प्रत्येक जोडीतील एक एक गुणसूत्र वेगळे होते. त्यामुळे १४ गुणसूत्रांच्या झाडाच्या परागात ७ गुणसूत्रे जातात. दोन दूरच्या जातींचा संकर झाला, तर एका जातीच्या गुणसूत्रांना दुसऱ्या जातीच्या गुणसूत्रांत जोडीदार मिळत नाहीत. मग वाटणी विस्कळित होते, पराग निकस निघतो व झाड वांझ राहते. ते फुलते, परंतु त्यास फळ धरत नाही, किंवा फळातील बी उगवत नाही. निसर्गात घडणारे बहुसंख्य संकर याच ठिकाणी संपतात.

या अडचणीतून निसर्गाने काढलेली वाट म्हणजे गुणसूत्रांची दुप्पट होय. कधी कधी पराग वा बीजांड तयार होताना वाटणी होतच नाही व सर्व गुणसूत्रे एकाच जननपेशीत उतरतात. अशा न विभागलेल्या जननपेशींचा संयोग झाला की, वांझ संकराच्या पोटी चार संचांचे संतान जन्मते. त्यात प्रत्येक गुणसूत्रास त्याचा हुबेहूब जोडीदार मिळतो. वाटणी सुरळीत होते आणि संतान सुपीक निपजते. दोन्ही मूळ जातींपासून ते बरेचसे वेगळे पडते, कारण त्यांच्याशी झालेल्या संकरातून तीन संचांची व पुष्कळशी वांझ रोपे निघतात. अशा रीतीने एक दोन पिढ्यांतच नवी जात उभी राहते.

ही गोष्ट मराठवाड्याच्या शेतकऱ्यास अपरिचित वाटू नये. देशी कापसात २६ गुणसूत्रे असतात व अमेरिकन कापसात ५२. जुन्या जगातील कापसाचा पूर्वज व अमेरिकेतील एक रानटी कापूस यांचा संकर सुमारे १० ते २० लक्ष वर्षांपूर्वी होऊन, गुणसूत्रे दुप्पट झाल्याने ५२ गुणसूत्रांचा कापूस जन्मास आला. खपली गव्हात २८ व पोळीच्या साध्या गव्हात ४२ गुणसूत्रे असण्याचे कारणही असेच आहे. कापूस व गहू यांत जे मोजक्या वेळा घडले, ते गुलाबात पुनःपुन्हा घडले, एवढाच काय तो भेद.

उष्णतेचाही या क्रियेशी संबंध आहे. फ्रान्समधील संशोधकांनी २०११ साली असे दाखविले की, पराग तयार होण्याच्या नाजूक काळात गुलाबाच्या झाडास ३६ अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागले, तर न विभागलेल्या परागकणांचे प्रमाण पुष्कळच वाढते. गतकाळी हवामानात जे मोठे फेरबदल झाले, त्या काळी गुलाबाच्या नव्या बहुगुणित जाती उद्भवण्यास ही गोष्ट साहाय्यक झाली असावी.

डोळ्यांदेखत निर्माण झालेली जात

वरील क्रिया केवळ अनुमानाने सांगितलेली नाही. ती प्रत्यक्ष पाहण्यात आलेली आहे. जपान व त्याच्या आसपासच्या समुद्रकिनाऱ्यांवरील रोझा रुगोसा आणि जमिनीवर पसरणारा रोझा विचुराना या दोन द्विगुणित जातींपासून अमेरिकेत 'मॅक्स ग्राफ' नावाचा संकर तयार झाला व १९१९ साली तो प्रसृत झाला. तो काटक होता, परंतु जवळजवळ वांझ होता. जर्मनीतील प्रसिद्ध गुलाब-पैदासकार विल्हेल्म कोर्डेस यांनी त्याची बरीच वर्षे जोपासना केली. पुढे त्यास मोजकेच बी धरले व त्यांतून निघालेले एक रोप सुपीक आढळले. त्याची गुणसूत्रे मोजली असता ती १४ नसून २८ भरली. बागेत, मनुष्याच्या हेतूवाचून, गुणसूत्रे आपोआप दुप्पट झाली होती. १९५१ साली या रोपास रोझा कोर्डेसी असे स्वतंत्र नाव देण्यात आले. थंडी सोसणाऱ्या व रोगास दाद न देणाऱ्या पुष्कळ आधुनिक वेली गुलाबांचा तो पूर्वज ठरला. मनुष्याच्या एका आयुष्यात जे घडले, ते डोंगरदऱ्यांत लक्षावधी वर्षे घडत आले आहे, हे यावरून उघड होते.

श्वानगुलाबाचे नवल

संकराचा सर्वांत विलक्षण परिणाम युरोप व पश्चिम आशियातील श्वानगुलाबात, म्हणजे रोझा कॅनिना व त्याच्या भाऊबंदांत पाहावयास मिळतो. यांत बहुधा ५ संच, म्हणजे ३५ गुणसूत्रे असतात. पाच ही विषम संख्या असल्याने समान वाटणी अशक्य. तेव्हा नियमाप्रमाणे ही झाडे वांझ असावयास हवी होती. प्रत्यक्षात ती युरोपभर कुंपणांतून व माळांवरून माजलेली आहेत आणि त्यांस भरपूर लाल फळे येतात.

हे कोडे स्वीडनमधील गुन्नार टाकहोल्म यांनी १९२० ते १९२२ या काळात व त्याच सुमारास इंग्लंडमधील ब्लॅकबर्न व हॅरिसन यांनी स्वतंत्रपणे उलगडले. श्वानगुलाबाच्या ३५ गुणसूत्रांपैकी १४ गुणसूत्रांच्या ७ जोड्या जमतात व उरलेली २१ एकाकी राहतात. पराग तयार होताना ती २१ गुणसूत्रे गळून पडतात व परागात केवळ ७ उरतात. बीजांड तयार होताना मात्र जोड्यांतील ७ आणि एकाकी २१ अशी सर्व मिळून २८ गुणसूत्रे त्यात ठेवली जातात. परागातील ७ व बीजांडातील २८ यांची बेरीज पुन्हा ३५ होते. हा जमाखर्च पिढ्यान् पिढ्या चुकत नाही. एकाकी गुणसूत्रे बीजांडाकडेच कशी वळतात, यावर २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने नवा प्रकाश पडला आहे. गुणसूत्र ज्या ठिकाणी ओढले जाते, त्या ठिकाणाची रचना एकाकी गुणसूत्रांत व जोडीने राहणाऱ्या गुणसूत्रांत निरनिराळी आहे, असे त्यात आढळले.

याचा अर्थ असा की, फार पूर्वी झालेला संकर येथे जसाच्या तसा गोठवून ठेवला गेला आहे. संतानाच्या ३५ गुणसूत्रांपैकी २८, म्हणजे पाचांपैकी चार हिस्से आईचे असतात. त्यामुळे संतान आईवर जाते. कोणत्या झाडाचा पराग पडला याचा त्यावर बेताचाच परिणाम होतो. या गुणाचा लाभ युरोपातील रोपवाटिकांनी घेतला. श्वानगुलाबाच्या बियांपासून केलेली रोपे बरीचशी एकसारखी निघत असल्याने तेथे खुंटासाठी ती बियांवरून तयार करतात. आपल्याकडील संकरित गुलाबांचे बी पेरल्यास प्रत्येक रोप निराळे निघते. म्हणून खुंट छाटकलमांपासून करावे लागतात. दोन प्रदेशांतील रोपवाटिकांच्या रीतींतील या भेदाचे मूळ असे संकराच्या इतिहासात सापडते.

रानात संकर कोठे टिकतो

संकर होण्यास दोन जाती जवळ येणे जसे आवश्यक, तसे संकराच्या संतानास जागा मिळणेही आवश्यक असते. जुन्या, स्थिर रानात आईबापांच्या जाती आपापल्या जागी घट्ट बसलेल्या असतात. मधल्या गुणाच्या रोपास तेथे थारा मिळत नाही. परंतु हिमनद्या मागे हटल्या, दरडी कोसळल्या, नद्यांनी पात्रे बदलली, किंवा मनुष्याने रान तोडून कुरणे व कुंपणे केली म्हणजे नवीन जागा मोकळ्या होतात. अमेरिकन शास्त्रज्ञ एडगर अँडरसन यांनी १९४८ साली हा विचार मांडला. प्रथम परिस्थितीचा संकर होतो व मग त्यात वनस्पतींचे संकर तगतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. युरोपातील श्वानगुलाबांचा हिमयुगानंतरचा प्रसार या विचारास पुष्टी देतो. उत्तर अमेरिकेत रॉकी पर्वताच्या पूर्वेस असणाऱ्या चार संचांच्या जातींचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यातही द्विगुणित जातींच्या मिश्रणाची चिन्हे आढळली.

असे संकर ओळखण्याची रीतही सांगण्यासारखी आहे. पूर्वी पाने, काटे व फळे यांच्या मधल्या ठेवणीवरून तर्क करीत. पुढे गुणसूत्रे मोजू लागले. आता पेशीतील आनुवंशिक द्रव्याची प्रत्यक्ष तुलना करतात. पानातील हरितकणांचे द्रव्य सामान्यतः आईकडून येते, तर पेशीकेंद्रातील द्रव्य आई व बाप या दोघांकडून. या दोन साक्षी जुळल्या नाहीत की, मध्येच कोठे तरी संकर घडला, हे कळून येते.

येथे एक सावधगिरीची सूचना अवश्य आहे. उत्क्रांती केवळ संकराने होते असे समजू नये. संकर गुणांची नवी जुळणी करतो. नवे गुण मूलतः उत्परिवर्तनाने येतात व त्यांपैकी काय टिकावे हे हवामान, जमीन, कीड व रोग ठरवितात. संकर हे उत्क्रांतीचे एक साधन आहे. गुलाबाने मात्र त्याचा उपयोग इतर पुष्कळ वनस्पतींपेक्षा अधिक केला आहे.

रानातून बागेकडे

बागेतील जुने गुलाबही रानातील संकरांचीच संतती आहेत. अत्तर व गुलाबपाण्यासाठी प्रसिद्ध असलेला दमास्कस गुलाब घ्या. जपानी संशोधकांनी २००० साली केलेल्या परीक्षणात त्यास तीन रानटी पूर्वज असल्याचे दिसून आले. प्रथम कस्तुरीगंधी रोझा मॉस्काटा व रोझा गॅलिका यांचा संकर झाला आणि त्या संकरावर मध्य आशियातील रोझा फेडचेन्कोआनाचा पराग पडला. याच गुलाबापासून लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने 'नूरजहाँ' व 'राणीसाहिबा' आणि पालमपूरच्या हिमालयीन संस्थेने 'ज्वाला' व 'हिमरोज' हे वाण निवडले आहेत.

दुसरा मोठा प्रवाह चिनी गुलाबांचा. रानगुलाब सामान्यतः वर्षातून एकदाच फुलतात. चिनी बागांतील गुलाबात मात्र फुलण्यास आळा घालणारा घटक निकामी झाला होता. त्यामुळे ते झाड वारंवार फुलते. २०१२ साली या घटकाचा नेमका शोध लागला. हा गुण अप्रभावी आहे, म्हणजे आई व बाप या दोघांकडून आल्याखेरीज तो प्रकट होत नाही. म्हणून बारमाही गुलाबाचा रानगुलाबाशी संकर केला असता पहिल्या पिढीतील रोपे सामान्यतः वर्षातून एकदाच फुलतात. बारमाहीपणा पुढील पिढीत काही रोपांत पुन्हा दिसतो. हे ठाऊक नसलेला हौशी संकरकार पहिल्याच पिढीत निराश होऊन रोपे उपटून टाकतो व श्रम वाया जातात.

हे दोन प्रवाह हिंदी महासागरातील रेयुनियन, म्हणजे जुन्या बूर्बों बेटावर एकत्र आले. तेथे शेतांच्या कुंपणांना चिनी गुलाब व बारमाही दमास्कस गुलाब लावण्याची चाल होती. त्या कुंपणांत मनुष्याच्या हाताशिवाय, कीटकांनी घडविलेला संकर उगवला. १८१७ च्या सुमारास ब्रेओं या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या दृष्टीस तो पडला व त्याने तो पॅरिसला धाडला. त्यापासून बोर्बोनियाना गुलाबांचा वर्ग निर्माण झाला. या वर्गातील 'एदुआर' हा गुलाब भारतात 'एडवर्ड' या नावाने रूढ झाला. आपल्याकडील रोपवाटिकांत पिढ्यान् पिढ्या खुंट म्हणून वापरला गेलेला एडवर्ड तो हाच. कुंपणातील एका आपोआप झालेल्या संकराच्या मुळांवर आपल्या बागांतील असंख्य गुलाब उभे राहिले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

पुढे फ्रान्समध्ये लिओं येथील गियो यांचा 'ला फ्रान्स' हा वाण १८६७ साली पुढे आला व त्यापासून आधुनिक संकरित-टी गुलाबांचा काळ मोजतात. १९०० साली पेर्ने-ड्यूशे यांनी इराणी पिवळ्या गुलाबाच्या संकरापासून 'सोलेय् दोर' हा वाण दिला व बागेतील गुलाबात गडद पिवळा रंग उतरला. परंतु त्या रंगासमवेत पानांवरील काळ्या ठिपक्यांच्या रोगास बळी पडण्याची प्रवृत्तीही आली, असे मानले जाते. संकराने गुण येतात तसे दोषही येतात, हा धडा त्यातून मिळतो.

भारतीय रानगुलाबांचे मोल

दीडशेहून अधिक रानटी जाती असताना आधुनिक गुलाबांत प्रामुख्याने आठ-दहा जातींचेच रक्त आहे. त्यांतही आधुनिक पैदास मुख्यतः थंड देशांत झाली. म्हणून आपल्या वैशाखातील ऊन व पावसाळ्यातील रोग या दोहोंपुढे हे गुलाब नमतात. यावर उपाय रानातच आहे. १८३६ साली पॅरिसमधील हार्डी यांनी आपल्याकडील रोझा क्लिनोफिला व इराणकडील रोझा पर्सिका यांचा संकर केला होता. परंतु तो धागा पुढे फारसा चालला नाही. कोडाईकनाल येथील विरू व गिरिजा वीरराघवन या दांपत्याने रोझा क्लिनोफिला व रोझा जायगँटिया यांस संकराच्या कामी लावून उष्ण प्रदेशास मानवणारे गुलाब निर्माण करण्याचा मार्ग दाखविला. भारतीय कृषि अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक डॉ. बेंजामिन पिअरी पाल (१९०६–१९८९) हे स्वतः गहू-पैदासकार असून गुलाबांचेही निष्णात संकरकार होते. त्यांनी 'रोझ शरबत', 'दिल्ली प्रिन्सेस' यांसारखे वाण दिले व १९६६ साली भारतातील गुलाबांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला.

पाणथळ जागा बुजविल्या गेल्या, नदीकाठ उखणले गेले किंवा डोंगर उघडे पडले, तर या जाती नाहीशा होतील व त्यांबरोबर भावी संकरांचे बीजभांडवलही जाईल. नवा वाण प्रयोगशाळेत घडतो हे खरे. पण त्यास लागणारा कच्चा माल रानातूनच यावा लागतो.

बागायतदारांसाठी व्यावहारिक बोध

(१) खुंटाची निवड जमिनीप्रमाणे करावी. छत्रपती संभाजीनगरच्या आसपासची जमीन काळ्या पाषाणापासून बनलेली असून पुष्कळ ठिकाणी ती विम्लधर्मी व चुनखडीयुक्त आहे. अशा जमिनीत लोह असूनही मुळांस ते घेता येत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात व शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. यास केवडा पडणे म्हणतात. पूर्व आशियातील रोझा मल्टिफ्लोरा हा खुंट किंचित आम्ल जमिनीचा असल्याने चुनखडीत त्यावर केवडा लवकर पडतो. रोझा इंडिका या नावाने मिळणारा, चिनी गुलाबांच्या संकरातून आलेला खुंट चुनखडी अधिक सोसतो. कलमे विकत घेताना वाणाबरोबर खुंटाचीही चौकशी करावी.

(२) मुरमाड वा चुनखडीच्या जागी खड्ड्यात भरपूर कुजलेले शेणखत घालावे, पाण्याचा निचरा ठेवावा व पाण्यातील क्षार तपासून घ्यावेत.

(३) डोळ्याच्या जोडाखालून येणारी फूट ही खुंटाची असते. ती जोमदार असल्याने वरील वाणाचे अन्न ओढून घेते व काही काळाने वाण मरून खुंटच उरतो. "गुलाबाने रंग बदलला" अशी जी तक्रार ऐकू येते, तिचे कारण बहुधा हेच असते. ही फूट वरून छाटू नये. माती बाजूस सारून ती जेथून निघाली असेल तेथून काढून टाकावी. पानात सात पर्णिका असल्या म्हणजे ती रानटी फूट, ही समजूत सर्वस्वी विश्वसनीय नाही. फूट जोडाच्या वर आहे की खाली, हेच पाहावे.

(४) हौशी बागायतदारांस संकराचा प्रयोग थंडीच्या दिवसांत करता येतो. उमलण्याच्या बेतातील कळीच्या पाकळ्या काढून, पुंकेसर फुटण्यापूर्वी ते चिमट्याने काढावेत व फुलास कागदी पिशवी बांधावी. एक दोन दिवसांनी स्त्रीकेसर चिकट झाले म्हणजे निवडलेल्या वाणाचा पराग कुंचल्याने लावावा व चिठ्ठीवर दोन्ही नावे व तारीख लिहावी. फळ पिकण्यास साधारण साडेतीन ते चार महिने लागतात. बी ओलसर वाळूत घालून काही आठवडे शीतकपाटात ठेवल्यास उगवण सुधारते. बी धरले नाही तर आई-बाप बदलून पाहावेत. गुणसूत्रांचे संच जुळत नसणे हे त्याचे एक नेहमीचे कारण होय.

(५) जुन्या वाड्यांत, मळ्यांत व देवस्थानांच्या बागांत गावठी म्हणून ओळखले जाणारे सुवासिक गुलाब अद्यापि आढळतात. ते जुने संकर आहेत व येथील ऊन, पाणी व माती यांत दीर्घकाळ तगून राहिलेले आहेत. नवे कलम लावण्यासाठी ते उपटून टाकू नयेत. पावसाळ्यात वा थंडीच्या आरंभी पेन्सिलीएवढ्या जाडीच्या पक्व फांदीची छाटकलमे लावून त्यांची एक दोन रोपे अवश्य राखावीत. एकदा नष्ट झालेला संकर तीच मूळ झाडे पुन्हा एकत्र आणूनही जसाच्या तसा मिळत नाही; कारण बियांतून येणारे प्रत्येक रोप ही एक नवी जुळणी असते. जुने झाड राखणे हाच त्याच्या रक्षणाचा एकमेव मार्ग आहे, आणि तो प्रत्येक बागायतदाराच्या हाती आहे.